सुखदेवभाऊंचा मालदीव

आमच्या नागभीडहून कोणत्याही दिशेला निघालं तरी समुद्र लागेपर्यंत गाडीत दोन जेवणं, एक झोप आणि जागेवरून एखादं भांडण होऊन जातं. इतका तो लांब. तरी रोज सकाळी मधुकरच्या टपरीवर पहिला चहा उकळायच्या आत समुद्राची खबर आलेली असते. ती आणतात सुखदेवभाऊ रामटेके. कानाला मफलर, हातात मोबाइल, आणि बाकावर बसायच्या आधी उभ्याउभ्याच जाहीर करतात, "आज समुद्र शांत हाये. वारा कमी. होड्या निघाल्या."

राइस मिलवर निघालेले हमाल, तहसीलला आलेले खेड्यातले लोक, गोंदियाच्या गाडीची वाट पाहणारे, सगळे माना हलवतात. एखादा नवखा विचारतो, "कोणता समुद्र?" तेव्हा मधुकरच सांगतो, "मालदीवचा. तुम्ही चहा घ्या."

माझं शिवणाचं दुकान टपरीच्या समोर आणि घर भाऊंच्या घराला भिंत लावून. त्यामुळे ही खबर मला कधी चुकलेली नाही. पावसाळ्यात "आज लाटा लई हायेत, लहान होडी नेऊ नका" असं ते बजावतात तेव्हा हातातली शिवण मी नकळत सावकाश मारते.

भाऊ रेल्वेत कीमॅन होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज रुळावरून चालत जायचं, रूळ घट्ट धरणारी चाबी सैल झालेली दिसली की ठोकून बसवायची. त्यांचा तुकडा घोडाझरीकडच्या जंगलातला. समोर वाघ आला की भाऊ हातोडा खाली ठेवून उभे राहत आणि म्हणत, "तू तुह्या वाटेनं जा, मी माह्या." वाघ जातही असे. अशा माणसाला परराष्ट्र संबंध नवे नव्हते, असं मधुकर म्हणतो.

पण मालदीव त्यांच्या आयुष्यात आला तो करुणामुळे. करुणा त्यांची एकुलती एक. चंद्रपूरला नर्सिंग शिकली. तिचा पहिला पांढरा ड्रेस मीच शिवला आणि पहिल्यांदा बाही चुकवली, तर "राहू दे, एक हात लांब असलेला बरा, सलाइन लवकर पोचते" म्हणून हसली होती. तिकडच्या बेटांवर आपल्याकडच्या नर्सा, मास्तर बोलावतात. तिनं कुठेतरी जाहिरात पाहिली आणि एका लहानशा बेटावरच्या दवाखान्यात नोकरी धरली.

ती गेली त्या आठवड्यात भाऊंनी जगाचा नकाशा आणला. मालदीव काही सापडेना. शेवटी बँकेतल्या साहेबांनी बोट ठेवून दाखवलं, तिथे भाऊंनी आपल्या बायकोची, शांताबाईंची टिकली चिकटवली. टिकलीखाली अख्खा देश झाकला गेला. दिवसभर भाऊ त्या टिकलीकडे पाहत बसले. संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, एवढासा हाये हो. जपा लागन त्याले."

तेव्हापासून ते जपायला लागले. पेपरात ते फक्त परदेशाचं पान वाचत. आपल्या सरकारनं कोणाला काय दिलं, कोणी रस्ता बांधून दिला, कोणी कर्ज दिलं, मधात चीन कसा घुसून राह्यला, हे ते टपरीवर असं सांगत, की जणू सगळ्या देशांचं सोयरपण त्यांच्याच मध्यस्थीनं जुळलंय. गाव त्यांना विदेशमंत्री म्हणू लागलं. त्यांचं ठरलेलं वाक्य एकच, "लहान देशाले मन असते." ते कुठेही लागू पडे. शेजारच्या ब्रह्मपुरीवाल्यांनी एखादं ऑफिस पळवलं की, "मोठ्यायनं समजून घ्या लागते, लहान देशाले मन असते." माझ्या मोरीचं पाणी त्यांच्या अंगणात गेलं तेव्हाही मला हेच ऐकावं लागलं. मी नाली वळवून घेतली.

एकदा सरकारनं परदेशात तांदूळ पाठवायला बंदी घातली. भाऊ चप्पल न घालता राइस मिलवर गेले. "मालदीवचा तांदूळ बंद झाला का?" मिलवाले शेठ म्हणाले, "भाऊ, माझा तांदूळ नागपूरच्या पुढे कधी गेला नाई." दोन दिवस भाऊंना जेवण गेलं नाही. मग पेपरात आलं की त्या देशाला सूट आहे, तांदूळ जाईल, कांदे जातील, अंडीही जातील. भाऊंनी टपरीवर पेढे वाटले. अंड्यांसाठी पेढे वाटले गेल्याची ही आमच्या तालुक्यातली एकुलती एक वेळ असावी.

टपरीचं नावही त्यांचंच. करुणाला नोकरी लागली तेव्हा त्यांनी स्वखर्चानं पाटी रंगवून आणली होती, 'मालदीव टी स्टॉल अँड कोल्ड्रिंक्स'. पेंटरनं नारळाचं झाड काढलं, त्याच्या खाली सवयीनं मोहाची फुलं काढली.

ती समुद्राची खबर पाठवतो करुणाच्या बेटावरचा मूसा दीदी. रोज पहाटे त्याचा आवाजी मेसेज येतो. 'दीदी' ऐकून मधुकरच्या बायकोनं एकदा काळजीनं शांताबाईंच्या कानावर घातलं, की भाऊंना सकाळी सकाळी कोण्या बाईचे मेसेज येतात. शांताबाई सूप झटकत म्हणाल्या, "बाप्या हाये तो. आडनाव हाये तसं. होडी चालवते." आणि आत गेल्या. त्यांच्या घरात समुद्राचं नाव काढायची सोय नाही. म्हणून तर भाऊ ते टपरीवर येऊन काढतात.

मूसाची हिंदी सगळी सिनेमातून आलेली. "सुखदेव भाई, आज समंदर खामोश है. कश्तियाँ निकल चुकी हैं." भाऊंची हिंदी रेल्वेतली. ते मोबाइल तोंडापाशी धरून ओरडतात, "मूसाभाई, इधर लाइन क्लियर है. धान गाभण है. पानी थोडा लेट चल रहा है."

असं सगळं सुरळीत चाललं असताना दोन देशांचं बिनसलं.

तिकडच्या कोणी पुढाऱ्यानं काही वाईट लिहिलं, इकडून लोक पेटले, आणि सगळीकडे एकच सुरू झालं, मालदीवला जाऊ नका, आपल्या लक्षद्वीपला जा. नागभीडमधून मालदीवला जाणारं कोणीच नव्हतं. आमच्यातले निम्मे लोक नागपूरला गेले तरी मुक्काम करत नाहीत. पण बहिष्कार कडक पाळला गेला. मोटारसायकलच्या शोरूममध्ये नुकताच गडचांदूरहून आलेला विक्की नावाचा तरुण होता, तो चार जणांना घेऊन टपरीवर आला आणि पाटी बदला म्हणाला. मधुकरला धंदा करायचा होता. दुसऱ्या दिवशी पाटीवर 'लक्षद्वीप टी स्टॉल' आलं. नारळ आणि मोह तेच राहिले.

भाऊ खबर सांगायला आले, तर पाटी बदललेली. बराच वेळ वर पाहत राहिले. मग म्हणाले, "हे बी लहानच हाये. याले बी मन असन. राहू दे."

विक्कीला ते सोसलं नाही. "काऊन हो भाऊ? आपण त्यायले तांदूळ द्याचा, औषध द्याचं, हेलिकॉप्टर द्याचं, आन् ते आपल्याच फौजीले म्हणते, तुमच्या घरी जा! हे बरं हाये का?"

"देल्लं म्हणून रोज बोलून दाखवा लागते का?" भाऊ म्हणाले. "देणारा मोठा असला का घेणाऱ्याची मान आपोआप खाली जाते, बाबू. थो मान वर करून पाहून राह्यला. त्याले थोडं पाहू दे ना. उद्या बोलन पुन्हा."

"तुम्हाले त्यायचा पुळका येईनच. पोरगी तिथी कमावून राह्यली ना तुमची!"

माझं मशीन थांबलं. मधुकरनं गाळणी भांड्यावर ठेवली.

"अबे," तो हळूच म्हणाला, "पोरगी नाई राह्यली त्यायची. कितीक वर्षं झाली."

भाऊ मात्र त्याच्यावर रागावले नाहीत. "त्याले माहीत नोतं," एवढंच म्हणाले. ग्लास बाकावर ठेवला आणि घरी निघाले. चहा अर्धा तसाच.

झालं होतं ते असं. पावसाळ्याचे दिवस होते. करुणाच्या बेटावर एक बाई बाळंतपणात अडली. लहान दवाखान्यात ते होण्यासारखं नव्हतं, मोठ्या बेटावर न्यायला हवं होतं. समुद्र खवळलेला. मूसानं होडी काढली. नर्सनं सोबत जायलाच हवं असं काही नव्हतं, पण करुणा चढली. खडकांच्या रांगेपाशी होडी उलटली. मूसानं त्या बाईला धरून किनाऱ्यापर्यंत आणलं. बाई वाचली. तिचं बाळही वाचलं. करुणा सापडत नव्हती. शोधायला हेलिकॉप्टर उडालं. ते हेलिकॉप्टर आपल्या देशानं त्यांना दिलेलं, चालवणारे आपलेच फौजी. दुसऱ्या दिवशी त्यांना ती दिसली.

नागपूरच्या विमानतळावर पेटी घ्यायला आम्ही गेलो होतो. तिथल्या कागदांवर सही करताना भाऊ त्या साहेबाला म्हणाले होते, "ते हेलिकॉप्टर नसतं तं माझी पोरगी मले भेटली नसती." घरी बुद्धवंदना झाली, आणि त्या दिवसापासून शांताबाईंनी समुद्र हा शब्द टाकून दिला.

काही आठवड्यांनी मूसाचा पहिला फोन आला. तो आपलं नाव सांगून फक्त रडला. भाऊही रडले. शेवटी भाऊंनी विचारलं, "आज कैसा है उधर? समुद्र?" मूसा म्हणाला, "आज शांत है." दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून सांगितलं. मग ते रोजचंच झालं.

आता टीव्हीवर रोज दिसत होतं, हेलिकॉप्टरवाले फौजी परत येणार. लोकांना तो अपमान वाटत होता. भाऊ आवाज बंद करून नुसतं चित्र पाहत बसत.

आणि त्याच दिवसांत मूसाचे मेसेज थांबले.

पहिल्या दिवशी भाऊ टपरीवर आले आणि काहीच न बोलता बसले. दुसऱ्या दिवशीही. हमालसुद्धा अस्वस्थ झाले. एक जण म्हणाला, "भाऊ, नाई आलं तं अंदाजानं सांगा." भाऊ म्हणाले, "अंदाजानं नाई सांगता येत. माणसं पाण्यात जाते."

ते माझ्या दुकानात आले. "रागावला असन थो, बाई. आपल्या लोकायनं लई वाईट लिवलं. लहान देश हाये, लागलं असन." मग त्यांनी मला मोबाइल धरायला लावला, मफलर काढून ठेवला, शर्टाची वरची गुंडी लावली आणि बोलले. "मूसाभाई, मैं सुखदेव. हमारे इधर के कुछ लडके लोग गुस्से में बोल गये. मन पे मत लेना. उनको मालूम नहीं है. नागभीड का कोई बॉयकाट नहीं है. टपरी का नाम बदला है, पर चाय वही है. मैं नागभीड की तरफ से माफी मांगता हूँ." थोडं थांबून त्यांनी भर घातली, "और भारत की तरफ से भी."

मी बटण सोडलं. इतक्या वर्षांत त्या मंत्रिपदाला मी पहिल्यांदाच हसले नाही.

उत्तर आलं ते मूसाच्या भाच्याचं. मामा रागावलेला नव्हता. त्याच्या छातीत दुखत होतं आणि तिकडच्या सरकारनंच त्याला उपचाराला पाठवलं होतं. तो तिरुवनंतपुरमच्या एका दवाखान्यात पडला होता. ऑपरेशन व्हायचं होतं. आपण इथे बहिष्कार पाळत होतो तेव्हा तो आपल्याच देशात, आपल्याच नर्सांच्या हातून गोळ्या खात होता.

भाऊ त्याच संध्याकाळी निघायला तयार झाले. तिकीट काढून दिलं विक्कीनं. तो टपरीच्या कोपऱ्यावर बराच वेळ उभा होता, मग येऊन म्हणाला, "भाऊ, मोबाइलवर निघते. मी काढून देतो. खालची सीट पाहिजे ना?"

शांताबाई आल्या नाहीत. भाकरी आणि चटणी बांधून दिली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जा त्यायच्या संगं. ते तिथी रडतीन, आन् कोणाले समजणार नाई काऊन रडून राह्यले ते." मी दुकानाची चावी नवऱ्याकडे दिली.

बल्लारशाहला गाडी धरली. वाटेत कोणाच्या तरी पेपरात होतं की दोन्हीकडचे मोठे लोक पुन्हा बोलायला लागले आहेत. भाऊंनी तो तुकडा दोनदा वाचला. "पाह्य, म्हटलं नोतं?" म्हणाले. पण आवाजात विदेशमंत्री नव्हता. सगळा प्रवास ते खिडकीतून शेजारच्या रुळाच्या चाब्या पाहत होते.

मूसा दीदी ऑपरेशन होऊन खोलीत आलेला होता. वाळलेला माणूस, पण हात वल्ह्यासारखे रुंद. भाऊंना पाहून उठायला लागला तर भाच्यानं खांदे धरले. भाऊ पलंगाशी उभे राहिले. भाच्यानं आम्हाला बसायला स्टूल दिलं आणि हिंदीत विचारलं, "वो जो आपका धान था, कट गया?"

भाऊ चमकले. "तुमको कैसे मालूम?"

"मामा रोज सुबह जेट्टी पे सबको बताता है. नागभीड में बारिश हुई, धान अच्छा है, बाघ आया, चला गया. हमारे इधर सबको मालूम है नागभीड."

भाऊंनी मान खाली घातली. त्या बेटावरचे लोक, ज्यांनी आयुष्यात चिखल तुडवून केलेली धानाची रोवणी पाहिली नाही, ते आमच्या पावसाची वाट पाहत होते.

मग मूसा बोलायला लागला. आता त्या हिंदीत सिनेमा नव्हता. "भाई, एक बात आपको कभी बोला नहीं. मेरे दो हाथ थे. एक में वो औरत थी. दूसरे में आपकी बेटी का हाथ था. वो खुद बोली, पहले इसको. मैंने..."

"रहने दो," भाऊ म्हणाले. त्यांनी मूसाचा तो रुंद हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. रेल्वेचा हातोडा धरून धरून त्यांचेही हात तसेच झालेले. "वो वैसीच थी. घर में बी पहले दूसरे को वाढती थी."

खाली रस्त्यावर नारळवाला ओरडत होता. मग भाऊंनी खाली पाहतच विचारलं, "मूसाभाई, पानी ठंडा था क्या?"

मूसाला कळलं नाही.

"उसको ठंडी सहन नहीं होती थी," भाऊ म्हणाले, आणि पुढचं हिंदीत जमेना म्हणून माझ्याकडे वळून सांगू लागले. "थंडीत लई आखडून जाये थे. शाळेत जायची तं मी पहाटं ड्युटीवर निघाच्या आंधी चुलीवर हंडा ठेवून जाओ. एखाद्या दिवशी राह्यला तं दिवसभर माह्याशी बोले नाई. इतक्या वर्षात बाकी सगळं मी समजून घेतलं, बाई. पण पाण्यात होती थे रातभर. थंडी वाजली असन का तिले? कोणाले इचारू?"

मी मूसाला सांगितलं. तो उशीवर मान टाकून ऐकत होता. मग त्यानं हळूहळू मान हलवली.

"नहीं भाई. हमारा पानी ठंडा नहीं होता. रात को भी नहीं. बारिश में भी नहीं. हमारे बच्चे सारा दिन उसी में रहते हैं. ठंड से कोई नहीं रोता उधर. कसम से."

भाऊंनी एक मोठा श्वास सोडला आणि स्टुलावर बसले. बराच वेळ मूसाचा हात त्यांनी सोडला नाही.

संध्याकाळी मी त्यांना किनाऱ्यावर नेलं. वाघाला वाट देणारा हा माणूस ओल्या वाळूपाशी येऊन थबकला. पोरं लाटांत ओरडत होती, एक कुटुंब फोटो काढत होतं. भाऊंनी पॅन्टचे पाय दुमडले. चप्पल माझ्या हातात दिली. "हाच ना थो? तिकडपर्यंत एकच ना?"

"एकच आहे, भाऊ."

ते घोट्याएवढ्या पाण्यात गेले, वाकले आणि उजवा हात मनगटापर्यंत आत घातला. लाट आली, गेली. त्यांनी हात काढला नाही. डाव्या हातानं खिशातला मोबाइल काढून घरी फोन लावला. वाऱ्यानं ऐकू येईना म्हणून त्यांनी स्पीकर सुरू केला.

"शांता, मी बोलून राह्यलो. पाण्यापाशी हाये."

तिकडून काही आवाज नाही. मला वाटलं, ठेवला फोन.

"पाणी थंड नाई इथचं," भाऊ म्हणाले. "आंघोळीच्या पाण्यावानी हाये. मूसाभाई म्हणते, रातीले बी असंच राह्यते."

"हात घालून पाह्यला का तुम्ही?" शांताबाईंनी विचारलं.

"घालूनच सांगून राह्यलो."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. "मंग ठेवा थोडा वेळ तसाच."